पदार्थ आणि प्रकाश यांच्या सरावासाठी क्रिटा : सहा महिन्यांच्या वापरानंतरचे परीक्षण

डिजिटल माध्यमात व्यक्तिरेखा रंगवणाऱ्याची एक अडचण बराच काळ त्याच्या स्वतःच्याच लक्षात येत नाही. चेहऱ्याची ठेवण साधलेली असते, शरीराची प्रमाणे जमलेली असतात, कपड्यांच्या चुण्याही नेमक्या पडलेल्या असतात. तरीही धातूचे शिरस्त्राण, कातडी पट्टा, लोकरीची शाल आणि गालाची त्वचा या चारही गोष्टी एकाच मातीतून घडवल्यासारख्या दिसतात. रेखाटन कितीही सुधारले तरी हा दोष जात नाही, कारण तो रेखाटनाचा नसतो. कोणत्या पृष्ठभागावर प्रकाश कसा वागतो, याचा स्वतंत्र अभ्यास झालेला नसतो. हा अभ्यास करण्यासाठी मी गेले सहा महिने क्रिटा हे चित्रकलेचे सॉफ्टवेअर रोज साधारण चाळीस मिनिटे वापरले. हे परीक्षण तेवढ्याच अंगाने केले आहे. क्रिटामध्ये ॲनिमेशन, कॉमिक्स आणि व्हेक्टर रेखाटन यांच्याही सोयी आहेत, पण त्यांचा विचार येथे केलेला नाही.

क्रिटा विनामूल्य आणि मुक्त स्रोताचे आहे; केडीई या स्वयंसेवी समुदायातून ते वाढले आणि विंडोज, लिनक्स व मॅक या तिन्हींवर चालते. स्वीडिश भाषेत या शब्दाचा अर्थ खडू असा होतो. एवढी ओळख पुरे. सरावाच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न असा की, प्रकाशाविषयीचा आपला अंदाज चुकला असेल तर तो चुकला आहे हे हे सॉफ्टवेअर आपल्याला दाखवू शकते का. माझ्या अनुभवाने ते दाखवू शकते. मात्र त्यासाठी आधी स्वतःच्या समजुतीवर विसंबून रंगवायचे आणि मगच सॉफ्टवेअरकडून पडताळणी करायची, हा क्रम पाळावा लागतो. उलट्या क्रमाने काम केल्यास हात चालतो, पण डोळा काहीच शिकत नाही.

पहिली शिफारस नवी फाइल उघडण्याच्या पायरीवरच करावीशी वाटते. क्रिटामध्ये फाइल उघडताना रंगाची खोली (प्रत्येक रंग किती बारकाईने साठवायचा) आणि रंगाचे प्रोफाइल (साठवलेल्या आकड्यांचा अर्थ कसा लावायचा) निवडता येते. सवयीने आपण ८ बिटची फाइल उघडतो. प्रकाशाच्या सरावासाठी १६ बिट फ्लोट ही खोली आणि नावाच्या शेवटी ‘जी१०’ असलेले लिनिअर एसआरजीबी प्रोफाइल, म्हणजे ज्यात आकडे प्रकाशाच्या प्रत्यक्ष प्रमाणात असतात ते, निवडावे. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. ८ बिटच्या नेहमीच्या फाइलमध्ये ० ते २५५ ही मोजपट्टी डोळ्याच्या संवेदनेला जुळवून घेतलेली असते, प्रकाशाच्या प्रत्यक्ष प्रमाणाला नव्हे. त्या पट्टीवरचा १२८ हा आकडा निम्म्या प्रकाशाचा वाटतो, पण प्रत्यक्षात तो जेमतेम २२ टक्के प्रकाश दाखवतो; खरा निम्मा प्रकाश १८८ च्या आसपास येतो.

हा फरक केवळ तांत्रिक नाही. चकाकी नसलेल्या पृष्ठभागावर प्रकाश जितका तिरपा पडेल तितका तो कोनाच्या कोसाइनच्या प्रमाणात कमी होतो. लॅम्बर्टने हा नियम १७६० मध्ये मांडला. प्रकाशाच्या दिशेपासून ६० अंश वळलेल्या भागावर निम्मा प्रकाश पोहोचतो. पांढऱ्या गोळ्यावर हा भाग रंगवताना आपण सहज १२८ च्या जवळचा करडा उचलतो, आणि गोळा लोखंडासारखा जड व मळकट दिसू लागतो. तेथे १८८ च्या जवळची छटा हवी असते. म्हणजेच उजेडाची बाजू बराच वेळ उजळ राहते आणि छायेच्या सीमेजवळ येताच झपाट्याने उतरते. मी पहिले तीन आठवडे केवळ या एका उताराचा सराव केला. गाल, कपाळ, खांदा, मांडी, सगळ्यांवरचा उजेड त्यानंतर मोकळा दिसू लागला.

लिनिअर फाइलमध्ये रंगही वेगळ्या रीतीने मिसळतात. हिरव्यावर निम्म्या अपारदर्शकतेने तांबडा फिरवला तर नेहमीच्या फाइलमध्ये मळकट शेवाळी पट्टा तयार होतो. लिनिअर फाइलमध्ये त्याच जागी स्वच्छ, उजळ पिवळा मिळतो, कारण तेथे दोन प्रकाशांची खरोखरीची बेरीज होते. दोन दिव्यांच्या मधोमध उभी असलेली व्यक्तिरेखा रंगवताना हा फरक फार मोलाचा ठरतो. एक मर्यादा मात्र सांगितली पाहिजे. ओव्हरले आणि स्क्रीन यांसारख्या मिश्रणपद्धती, म्हणजे चित्राचा वरचा थर (लेयर) खालच्या थरात मिसळण्याच्या रीती, नेहमीच्या ० ते १ या पट्टीसाठी बेतलेल्या आहेत. लिनिअर फाइलमध्ये त्यांचे परिणाम अनपेक्षित येतात, आणि प्रकाशाचे मूल्य १ च्या पलीकडे गेले तर स्क्रीन निरुपयोगीच ठरते. अशा फाइलमध्ये मल्टिप्लाय (गुणाकार) आणि ॲडिशन (बेरीज) या दोनच पद्धतींवर भर ठेवावा. मेमरीचाही विचार करावा लागतो : चार हजार पिक्सेल लांबी-रुंदीचा एक पूर्ण भरलेला लेयर ८ बिटमध्ये सुमारे ६४ मेगाबाइट जागा घेतो, १६ बिटमध्ये १२८. अभ्यासचित्रांसाठी बाराशे पिक्सेलचा चौरस पुरेसा आहे, आणि लहान चित्रात तपशिलात अडकण्याचा मोहही कमी होतो.

छटांची, म्हणजे उजळ-गडदपणाची, पडताळणी करण्याची सोय साधी आणि उत्तम आहे. सर्वांत वर एक फिल्टर लेयर ठेवून त्यात डिसॅच्युरेट हा फिल्टर निवडायचा. त्यात रंग काढून टाकण्याच्या अनेक पद्धती दिल्या आहेत, त्यांपैकी बीटी.७०९ ही प्रकाशमानतेची पद्धत निवडावी. डोळा हिरव्याला सर्वाधिक आणि निळ्याला सर्वांत कमी उजळ मानतो. या पद्धतीत तांबड्याला सुमारे २१, हिरव्याला ७२ आणि निळ्याला अवघा ७ टक्के वाटा मिळतो. साध्या सरासरीची पद्धत निवडल्यास पिवळे वस्त्र आणि निळे वस्त्र यांची तुलना फसते. हा लेयर चालू-बंद करत काम करणे चांगले, पण तो सतत चालू ठेवून रंगवू नये. डोळ्याने आधी अंदाज बांधायला हवा.

आता ज्या सोयीमुळे मी हे परीक्षण लिहायला घेतले तिच्याकडे वळतो. क्रिटामध्ये टँजंट नॉर्मल नावाचे एक ब्रश इंजिन आहे. त्याच्या फटकाऱ्यातून नेहमीचा रंग उमटत नाही, तर पृष्ठभाग कोणत्या दिशेला तोंड करून आहे याची नोंद रंगाच्या रूपात होते. कल ओळखणारा स्टायलस (डिजिटल पेन) असेल तर पेन ज्या बाजूला झुकवावे त्या बाजूला पृष्ठभाग वळला असे मानले जाते. तसा स्टायलस नसेल तर फटकाऱ्याच्या दिशेवरूनही काम भागवता येते. अशा रीतीने नाक, गाल, भुवईचा उंचवटा, शिरस्त्राणाची घुमटी यांचा एक निळसर-जांभळा नकाशा तयार होतो. त्यानंतर फाँग बंपमॅप हा फिल्टर लावून त्यात नॉर्मल मॅप (म्हणजे असाच दिशानकाशा) वापरण्याचा पर्याय निवडला की, त्या नकाशावर चारपर्यंत दिवे ठेवता येतात. प्रत्येक दिव्याचा रंग, दिशा आणि उंची वेगळी ठरवता येते. शिवाय पृष्ठभाग किती विखुरता प्रकाश परत देतो आणि किती चकाकतो, हेही आकड्यांनी बदलता येते. या फिल्टरमागचे गणित बुई तुआंग फाँग यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रकाशरचनेचे आहे, आणि संगणकीय चित्रणात ते आजही पायाभूत मानले जाते.

या सोयीचा मी केलेला वापर असा. आधी चेहरा किंवा साधा गोळा, ठरवलेल्या दिव्याखाली, पूर्णपणे मनाने रंगवायचा. मग दुसऱ्या लेयरवर त्याच आकाराचा दिशानकाशा करून तोच दिवा फिल्टरमध्ये ठेवायचा आणि दोन्ही शेजारी मांडून पाहायचे. पहिल्याच आठवड्यात एक जुनी चूक उघडी पडली. उजेडाच्या बाजूचा सर्वांत उजळ भाग जेथे असेल तेथेच चकाकीचा ठिपका ठेवण्याची मला सवय होती. दिवा पाहणाऱ्याच्या नजरेपासून ६० अंश बाजूला असेल, तर विखुरलेला प्रकाश सर्वाधिक मिळणारी जागा गोळ्याच्या मध्यापासून कडेकडे जवळजवळ ८७ टक्के अंतरावर येते. चकाकीचा ठिपका मात्र दिवा आणि डोळा यांच्या बरोबर मधल्या दिशेला, म्हणजे ३० अंशांवर आणि निम्म्या अंतरावर पडतो. या दोन जागा इतक्या दूर असतात हे वाचून कळले असते, पण स्वतःचे चुकलेले चित्र शेजारी ठेवल्याशिवाय ते हातात उतरले नसते. ओठावरचा, नाकाच्या शेंड्यावरचा आणि बुबुळावरचा ठिपका आता मी दिव्याजवळ न ठेवता नजरेकडे ओढून ठेवतो, आणि चेहरा लगेच गोलाईत येतो.

या फिल्टरला काय जमत नाही, हे तितकेच स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे. तो एका वस्तूची दुसऱ्यावर पडलेली सावली काढत नाही. नाकाची सावली ओठावर येणार नाही, शिरस्त्राणाची कड कपाळावर अंधार टाकणार नाही. जमिनीवरून किंवा शालीवरून हनुवटीखाली परतणारा उजेड त्याला ठाऊक नाही. कडेच्या तिरप्या कोनातून पाहिल्यावर जवळजवळ प्रत्येक पृष्ठभागाची चकाकी वाढते, तीही या गणितात नाही. त्वचेच्या आत शिरून बाहेर पडणारा प्रकाश तर फारच दूर. म्हणून या फिल्टरचा निकाल अंतिम चित्र म्हणून स्वीकारणे चूक आहे. त्याच्याकडून केवळ पृष्ठभागाच्या वळणाची आणि दिव्याच्या दिशेची तपासणी करून घ्यावी.

पदार्थ वेगळे ओळखू येण्यासाठी लेयरांची मांडणी कशी करावी, याबाबत माझे मत कालांतराने पक्के झाले. अनेक जण सर्व मूळ रंग भरतात आणि त्यावर मल्टिप्लाय पद्धतीचा एकच जांभळट लेयर ठेवून सावली देतात. ही रीत पूर्णपणे चुकीची नाही. मूळ रंग गुणिले त्यावर पडणारा प्रकाश, हे विखुरलेल्या प्रकाशाचे बरोबर गणित आहे. परंतु चकाकी त्या गुणाकारात येत नाही. ती वरून मिळवावी लागते. म्हणून मी प्रत्येक पदार्थासाठी एक गट करतो : तळाशी मूळ रंग, त्यावर मल्टिप्लायमध्ये प्रकाश, आणि सर्वांत वर ॲडिशनमध्ये चकाकी. क्रिटामध्ये रंग आकाराबाहेर जाऊ न देण्यासाठी ‘इन्हेरिट अल्फा’ ही सोय वापरतात. ती इतर सॉफ्टवेअरमधल्या क्लिपिंग मास्कसारखी, म्हणजे एकाच खालच्या लेयरच्या आकारात रंग बंदिस्त करणारी, वागत नाही; आपल्या गटात खाली असलेल्या सगळ्या लेयरांचा एकत्रित आकार ती गृहीत धरते. त्यामुळे प्रत्येक पदार्थाचा स्वतंत्र गट करणे भागच पडते. नवख्याला हे अडचणीचे वाटेल, पण सरावाच्या दृष्टीने ही सक्ती हिताची आहे, कारण ती चित्राचे पदार्थांनुसार विभाजन आपल्याकडून करून घेते.

या मांडणीची खरी परीक्षा धातूवर होते. लाकूड, कातडे, प्लास्टिक, त्वचा हे सर्व समोरून पाहिल्यास पडलेल्या प्रकाशाचा केवळ ३ ते ५ टक्के भाग आरशासारखा परत देतात, आणि त्या चकाकीचा रंग दिव्याचाच असतो. धातूमध्ये विखुरलेला भाग जवळजवळ नसतोच. तो निम्म्याहून अधिक, चांदीसारखा असेल तर ९० टक्क्यांहूनही अधिक प्रकाश आरशासारखा परत पाठवतो, आणि सोने किंवा तांबे असेल तर त्या परतीच्या प्रकाशालाच आपला रंग देतो. म्हणून धातूच्या गटात तळचा रंग जवळजवळ काळा ठेवावा आणि सारे काम वरच्या लेयरमध्ये करावे. सोन्यासाठी पिवळा रंग भरून त्यावर पांढरा ठिपका ठेवला की ते पिवळ्या प्लास्टिकसारखे दिसते, त्याचे कारण हेच आहे.

धातू रंगवणे म्हणजे त्याच्या भोवतालचे जग रंगवणे. चकचकीत गोळ्यात मध्यापासून त्रिज्येच्या सुमारे ७० टक्के अंतरापर्यंतच्या वर्तुळात गोळ्याच्या समोरचा निम्मा परिसर मावतो. उरलेल्या अरुंद कडेत त्याच्या मागचा निम्मा परिसर दाटीवाटीने कोंबला जातो. शिरस्त्राणाच्या कडेला उजळ-गडद पट्टे एवढे बारीक आणि जवळजवळ का येतात, याचा उलगडा या एका प्रमाणातून झाला. मी आता धातूचा कोणताही भाग रंगवण्याआधी आकाश, क्षितिज, जमीन आणि जवळची वस्त्रे यांचे चार रंग कॅनव्हासच्या कोपऱ्यात भरून ठेवतो. क्रिटाच्या संदर्भचित्रांच्या सोयीमुळे छायाचित्रेही कॅनव्हासच्या बाजूला ठेवता येतात. त्यातून थेट रंग उचलण्याचा मोह मात्र आवरावा. पाहून मिसळलेला रंग लक्षात राहतो, उचललेला राहत नाही.

त्वचेचा सराव सर्वांत जास्त वेळ घेणारा आणि सर्वांत समाधान देणारा ठरला. प्रकाश त्वचेत शिरतो, आत विखुरतो आणि थोड्या अंतरावर बाहेर येतो. तांबडा प्रकाश निळ्या-हिरव्यापेक्षा अधिक दूर जातो. त्यामुळे उजेड आणि छाया यांच्या सीमेवर एक उबदार, किंचित गडद तांबूस पट्टा दिसतो, आणि मागून उजेड आला तर कानाची पाळी पेटल्यासारखी लालबुंद होते. हा पट्टा सगळीकडे सारख्या रुंदीचा ओढला की चेहऱ्यावर रंगाची रेघ मारल्यासारखी दिसते. नाकपुडी, कान, बोटांची टोके अशा पातळ आणि अधिक वळणाच्या भागांवर तो रुंद व ठळक असतो, तर कपाळासारख्या सपाट भागावर तो जाणवतही नाही. यासाठी क्रिटामध्ये कोणतीही आयती सोय नाही, आणि मला तिची उणीवही भासली नाही. मऊ एअरब्रश, नॉर्मल मिश्रणपद्धती आणि स्वतः निवडलेला रंग एवढ्यावरच हे काम नीट होते. चकाकी मात्र वेगळ्या लेयरवर आणि दिव्याच्याच रंगाची ठेवावी. त्वचेच्या रंगाचीच फिकट छटा घेऊन केलेली चकाकी त्वचेला मेणासारखी करते.

केस, वस्त्रे आणि ओले पृष्ठभाग यांविषयी थोडक्यात. केसांवर दोन चकाक्या असतात : एक दिव्याच्या रंगाची, दुसरी केसाच्या आत जाऊन परतलेली आणि म्हणून केसांच्या रंगाची, पहिलीपासून किंचित सरकलेली. या दोन्ही वेगळ्या रंगवल्या की केस प्लास्टिकच्या पट्टीसारखे दिसत नाहीत. मखमलीची कड उजळ होते, कारण तिचे उभे तंतू कडेच्या कोनात अधिक दिसतात. ओले झालेले कापड गडद होते आणि त्याच वेळी अधिक चकाकते. या दोहोंपैकी एकच बदल केला तर ते ओले वाटत नाही. लोकरीसारख्या खरबरीत पदार्थांवर लॅम्बर्टचा नियमही तंतोतंत लागू पडत नाही. पौर्णिमेचा चंद्र कडेपर्यंत जवळजवळ सारखाच उजळ, एखाद्या तबकडीसारखा दिसतो, तो त्याच्या धुळीने भरलेल्या खडबडीत पृष्ठभागामुळे; समोरून उजेड आलेली लोकरीची शाल रंगवताना मी चंद्र आठवतो.

ब्रशांबद्दल माझे मत अनेकांना पटणार नाही. क्रिटासोबत शंभराहून अधिक ब्रश मिळतात आणि त्यांतील बरेचसे खरोखर सुंदर आहेत. पण पदार्थाच्या सरावात पोताचे ब्रश सुरुवातीला दूर ठेवावेत. कातड्याच्या पोताचा ब्रश फिरवला की कातडे झाल्यासारखे वाटते, आणि चकाकीची रुंदी, तिची कड किती मऊ आहे, आजूबाजूच्या छटेशी तिचा फरक किती आहे, या मूळ गोष्टी तशाच राहून जातात. मी पहिले चार महिने एक कठीण कडेचा आणि एक मऊ कडेचा, असे दोनच गोल ब्रश वापरले. त्याच दोन ब्रशांनी चिनीमाती, पितळ, रबर आणि सुती कापड ओळखता येईल इतके वेगळे करता आले, तेव्हाच पोताचे ब्रश हाती घेतले.

आणखी एक सोय येथे नोंदवतो. ५.० या आवृत्तीपासून क्रिटामध्ये चित्र रंगवण्याची प्रक्रिया नोंदवून तिचा वेगवान व्हिडिओ करता येतो. मी तो कोणाला दाखवण्यासाठी करत नाही. आठवड्याच्या शेवटी स्वतःची चार अभ्यासचित्रे अशी पाहिली की आपण कोठे घुटमळलो हे स्वच्छ दिसते. माझ्या बाबतीत ती जागा जवळजवळ प्रत्येक वेळी हनुवटीखालची असे : तेथे मी परावर्तित उजेड आधी जास्त उजळ करायचो, मग पुसायचो, मग पुन्हा भरायचो. छायेत आलेला परावर्तित उजेड प्रत्यक्ष उजेडातल्या भागापेक्षा गडदच असला पाहिजे, हा नियम मला पाठ होता. व्हिडिओत तीच चूक सहाव्यांदा पाहिल्यानंतर हात आपोआप थांबू लागला.

ज्यांचे सगळे काम आयपॅडवर चालते त्यांना क्रिटा वापरता येणार नाही, कारण त्या उपकरणासाठी ते उपलब्ध नाही. ज्यांचा संगणक जुना आहे त्यांनी कॅनव्हास लहान ठेवून १६ बिटचाच आग्रह धरावा, ८ बिटमध्ये मोठा कॅनव्हास घेऊ नये. आणि ज्यांना चारपाच दिवसांत चित्रावर परिणाम दिसायला हवा आहे, त्यांनी गोळ्यापासून सुरुवात न करता आपल्याच एखाद्या जुन्या, पूर्ण झालेल्या व्यक्तिरेखेतील एकच पदार्थ निवडावा, त्याचा गट वेगळा करावा आणि तेवढाच भाग तीन निरनिराळ्या दिव्यांखाली पुन्हा रंगवावा. मी स्वतः सध्या खांद्यावरच्या एका पितळी बिल्ल्यावर हेच करत आहे. मेणबत्तीच्या उजेडातला बिल्ला जमला आहे, ढगाळ आकाशाखालचा अजून प्लास्टिकचा वाटतो, कारण त्यात क्षितिजाची रेघ मी फार मऊ ठेवली आहे.